पेलाभर फळांची तजवीज

फळांचा गर दह्यात किंवा पाण्यात घुसळून केलेले जे दाट पेय अलीकडे ‘स्मूदी’ या नावाने आपल्या स्वयंपाकघरात रुजू झाले आहे, त्याचे नाव परके असले तरी त्याचे कूळ आपल्याला परके नाही. कारण ज्या घरात केळ्याचे शिकरण पिढ्यान्‌पिढ्या कालवले गेले, उकडलेल्या कैरीचा गर गूळ-वेलदोड्यासह पाण्यात मिसळून चैत्रात पन्हे झाले, आणि नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ पडताच चढणारा गुलाबी रंग पाहून पंगतीतल्या माणसाने भात संपण्याची वाट न पाहता सोलकढीसाठी वाटी पुढे केली, त्या घराला फळ पिण्याची कला कोणी समुद्रापलीकडून येऊन शिकवायला हवी होती असे नाही. नवे आले ते यंत्र. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्टीफन पोप्लाव्हस्की याने १९२२ साली भांड्याच्या तळाशी फिरते पाते बसवून पेये घुसळण्याची युक्ती काढली, आणि तिचा वंशविस्तार होत होत आज आपल्या ओट्यावर वाटणाचे, चटणीचे आणि रसाचे अशी तीन भांडी घेऊन मिक्सर उभा आहे; ज्या कामाला रवीने पाव घटका लागे ते तो मिनिटाभरात उरकतो. या मिनिटाभरात फळाचे काय राहते आणि काय जाते, एवढा हिशेब ज्याला कळला त्याला उत्तम स्मूदी करता येईल. उरलेला भाग जिभेचा आहे, आणि तो ज्याचा त्याने पाहावा.

गेल्या ज्येष्ठात मी माझ्या भाचीकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. सकाळी तिने फळीवरून एक डबा काढला. त्यात परदेशी ब्लूबेरीची भुकटी होती आणि डब्याची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. “मामा, यात किती अँटिऑक्सिडंट असतात, कल्पना आहे का तुम्हाला?” असे म्हणत तिने दोन चमचे भुकटी, दोन पिकली केळी आणि पेलाभर दूध मिक्सरमध्ये फिरवले, ते एका बाटलीत भरले, आणि दुपारी कचेरीत प्यायचे म्हणून पिशवीत ठेवून ती निघाली. इमारतीच्या फाटकाशी त्याच वेळी एक बाई टोपलीत जांभळे घेऊन बसली होती; तिच्याकडे भाचीचे लक्ष गेले नाही. सकाळच्या घाईत मामाचे व्याख्यान कोणालाच नको असते, म्हणून मी गप्प राहिलो. परंतु त्या एका बाटलीत तीन चुका एकत्र नांदत होत्या, आणि जे तेव्हा बोललो नाही ते येथे तपशिलाने लिहितो.

पहिली चूक शब्दाची. अशा भुकट्यांना चिकटवला जाणारा ‘सुपरफूड’ हा शब्द आहारशास्त्राच्या दफ्तरातला नाही, तो व्यापाराच्या पेढीवरचा आहे. कोणते फळ या पदवीला पात्र आणि कोणते अपात्र हे ठरविणारी कसोटी कोणत्याही वैद्यक संस्थेने घालून दिलेली नाही, आणि म्हणूनच ही पदवी बहुधा त्या फळाला मिळते जे लांबून येते, भुकटीच्या रूपाने येते आणि महाग असते. अमेरिकेच्या कृषिखात्याने एकेकाळी निरनिराळ्या खाद्यपदार्थांची ऑक्सिडीकरणविरोधी शक्ती परीक्षानळीत मोजून तिचे आकडे प्रसिद्ध केले होते. परंतु परीक्षानळीतला आकडा मनुष्याच्या शरीरातल्या परिणामाचा दाखला होऊ शकत नाही आणि व्यापारी मंडळी त्या आकड्यांचा गैरवापर करीत आहेत, हे ध्यानात आल्यावर २०१२ साली त्या खात्याने ती यादीच मागे घेतली. ज्या सरकारी दफ्तराने आपलाच तक्ता स्वतःहून रद्द केला, त्या तक्त्यातले आकडे डब्यांच्या वेष्टनावर दिसले तर वाचकांनी ते बाद झालेल्या नाण्यासारखे समजावेत.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते पाहू. आणि त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. लोखंडी विळीला गंज चढतो, डब्यातले शेंगदाणे जुने झाले की खवट होतात, चिरलेले वांगे पाण्यात न टाकता ताटात तसेच राहिले तर पाहता पाहता काळे पडते. तपशील निराळे असले तरी या तिन्ही घटनांच्या मुळाशी ऑक्सिडीकरण आहे. ज्या प्राणवायूवाचून आपण चार मिनिटे जगू शकत नाही, तोच ज्याला शिवतो त्याचे रूप पालटतो. शरीरात अन्नापासून ऊर्जा काढण्याचे काम अहोरात्र चालते, आणि त्या धामधुमीत मुक्त मूलक नावाचे अतिशय चंचल कण निपजतात. त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो, तो शेजारच्या रेणूकडून जोडीदार हिसकावून घेतो, नागवला गेलेला तो रेणू त्याच्या शेजाऱ्याकडे वळतो, आणि अशी ही लूट पेशींच्या आवरणापासून आनुवंशिक द्रव्यापर्यंत पोहोचू शकते. स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी मध्येच तोडणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. क आणि ई जीवनसत्त्वे, आंब्यातले व गाजरातले कॅरोटिन, जांभळाला व कोकमाला रंग देणारी अँथोसायनिने, सफरचंद, चहा आणि कोको यांतील फ्लॅव्हनॉल ही त्यांपैकी ठळक नावे.

मात्र शरीर या बाबतीत बाजारावर सर्वस्वी विसंबून नाही. ग्लुटाथायॉन, कॅटलेज इत्यादी द्रव्यांचा त्याचा स्वतःचा बंदोबस्त आहे; जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतताच जो पांढरा फेस उसळतो, तो आपल्याच रक्तातल्या आणि ऊतींतल्या कॅटलेजने केलेला असतो. शिवाय मुक्त मूलक म्हणजे केवळ दरोडेखोर असेही नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करताना हेच हत्यार उपसतात. तेव्हा सगळे मूलक नाहीसे करणे हे आपले ध्येय असूच शकत नाही. जमाखर्चाची दोन्ही अंगे सांभाळली जावीत, एवढेच फळाकडून मागावे.

या विषयाचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्याचा आरंभ काळ्या पडणाऱ्या फळापासून झाला. समुद्रावर महिनोन्‌महिने काढणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त वाहू लागे, त्या स्कर्व्ही रोगावर संत्री-लिंबे चालतात हे जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने १७४७ साली ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून, प्रत्येक जोडीला निराळा उपचार देऊन दाखवले होते. परंतु लिंबात असे आहे तरी काय, हे पावणेदोनशे वर्षे कोणाला उलगडले नाही. आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला मात्र कोडे पडले होते ते वेगळेच: बटाटा, सफरचंद, केळे ही कापली की तपकिरी होतात, मग लिंबू आणि संत्रे का होत नाहीत? लिंबाच्या रसात हे रंगांतर लांबवणारे काहीतरी आहे असे त्याला आढळले, आणि १९२८ साली त्याने ते द्रव्य वेगळे काढले. त्याची साखरेशी जवळीक दिसत होती, पण ते नेमके काय हे कळत नव्हते. म्हणून साखरांच्या नावाच्या धर्तीवर पण स्वतःच्या अज्ञानाची कबुली देणारे ‘इग्नोज’ हे नाव त्याने सुचवले, आणि नियतकालिकाच्या संपादकाने ते नामंजूर करताच ‘देव जाणे’ अशा अर्थाचे ‘गॉडनोज’ पाठवून दिले. संपादकाने तेही फेटाळले, हे सांगायला नकोच. हेच द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व हे १९३२ साली सिद्ध झाले. पुढे सेगेड या त्याच्या कर्मभूमीत पिकणाऱ्या पाप्रिका मिरचीतून त्याने ते पुष्कळ प्रमाणात मिळवले, आणि १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपली गृहिणी चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळते तेव्हा ती हाच प्रयोग पुन्हा करीत असते.

एवढी कीर्ती झाल्यावर मनुष्यस्वभाव स्वस्थ बसणार नव्हताच. फळात जे आहे ते गोळीत भरावे आणि भरपूर खावे, असा विचार बळावला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन कित्येक वर्षे दिले गेले, आणि १९९४ साली निष्कर्ष हाती आला तेव्हा त्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशाच एका प्रयोगात हे आधिक्य २८ टक्के भरले, आणि तो मुदतीपूर्वीच बंद करावा लागला. गाजर खाणाऱ्याने यावरून भिण्याचे कारण नाही. गाजरात कॅरोटिन एकटे नसते, त्याच्यासोबत तंतू, पाणी, पोटॅशियम आणि अशी अनेक द्रव्ये असतात जी अल्प मात्रेत एकमेकांच्या हाताखाली काम करतात. एकाच द्रव्याला सगळी सनद बहाल केली की जे होते ते फिनलंडमध्ये झाले. म्हणून माझा स्वच्छ अभिप्राय असा, की स्मूदी जर करायची तर ती अख्ख्या फळाची करावी. भुकट्या, अर्क आणि गोळ्या यांना वैद्याच्या सांगण्याखेरीज मिक्सरच्या भांड्यात प्रवेश देऊ नये.

भाचीची दुसरी चूक केळ्याची. केळ्याच्या गरात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर विपुल असते. फळ अखंड असते तोवर हे विकर एका खोलीत आणि त्याचे भक्ष्य दुसऱ्या खोलीत अशी पेशींची व्यवस्था असते; पाते फिरले की मधल्या भिंती पडतात, हवा आत शिरते, आणि विकर कामाला लागते. शिकरण तासाभरात काळवंडते ते याच कारणाने. आता या भांड्यात केळ्यासोबत दुसरे कोणी फ्लॅव्हनॉलयुक्त फळ असेल, तर केळ्याचे विकर त्या पाहुण्यावरही हात टाकते. इंग्लंडमधील रेडिंग आणि अमेरिकेतील डेव्हिस येथल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच लोकांना निरनिराळ्या वेळी केळ्याची स्मूदी, बेरीवर्गीय फळांची स्मूदी आणि तुलनेसाठी फ्लॅव्हनॉलची नुसती कुपी देऊन त्यांच्या रक्तातली फ्लॅव्हनॉलची पातळी मोजली, तेव्हा केळ्याची स्मूदी प्यायल्यावर ती नुसत्या कुपीच्या मानाने ८४ टक्क्यांनी कमी भरली. यातली मौज अशी की विकराचा पराक्रम पेल्यातच संपत नाही. काही अंशी तो पोटात गेल्यावरही चालू राहतो. माझ्या भाचीने हजारो कोसांवरून आलेली भुकटी विकत घेतली आणि दोन केळी घालून तिचा मुख्य गुण आपल्याच हाताने खर्ची टाकला. त्यातून बाटली दुपारपर्यंत पिशवीत राहिली, ही तिसरी चूक.

केळ्यावर माझा मुळीच राग नाही. ते पोटभरू आहे, स्वस्त आहे, त्यात पोटॅशियम आहे, आणि शाळेला निघालेल्या मुलाला दूध-केळे-खजूर घुसळून द्यावे याला कोणीही नावे ठेवू नयेत. परंतु ज्या दिवशी जांभूळ, डाळिंब, द्राक्षे, स्ट्रॉबेरी किंवा सफरचंद यांच्यासाठी भांडे काढले असेल, त्या दिवशी केळ्याने बाहेर राहावे. दाटपणा आणि गोडी यांसाठी अशा वेळी आंबा, अननस, संत्रे किंवा नुसते दही घ्यावे. यांत ते विकर फारच कमी असते. सफरचंदाच्या अंगीही हे विकर आहे, म्हणून त्याच्या फोडी कापल्याबरोबर लिंबाच्या रसात घोळवाव्यात. आम्लाने विकर मंदावते आणि क जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडून फळाला वाचवते.

फळ निवडताना ऋतूचे आणि गावचे फर्मान मानावे. आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत कोणाकडे हात पसरावा अशी स्थितीच नाही. मृगाच्या तोंडावर पालघरकडच्या बहाडोलीची जांभळे येतात, थंडीत नागपूरची संत्री आणि महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, सोलापूरचे डाळिंब जवळजवळ बारमाही, उन्हाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे रातांबे, आणि माघापर्यंत बाजारात ढिगाने पडलेला आवळा, ज्याला कोणी विचारीत नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सामान्य प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस करते. आवळ्याच्या १०० ग्रॅम गरात हे जीवनसत्त्व संस्थेच्या जुन्या तक्त्याप्रमाणे ६०० आणि नव्या मोजणीप्रमाणे सुमारे २५० मिलिग्रॅम भरते, पेरूत दोनशेच्या वर. म्हणजे कमीत कमी आकडा धरला तरी मध्यम आकाराच्या दोन आवळ्यांत दिवसाची गरज भागून वर शिल्लक राहते.

आता प्रत्यक्ष कृती. दोन माणसांचे प्रमाण देतो.

आवळ्याची स्मूदी करायची तर दोन आवळे बिया काढून चिरावेत, आणि विळी लोखंडी असेल तर ती बाजूला ठेवून बिनगंजी सुरी घ्यावी. आवळ्यातल्या टॅनिनाची लोखंडाशी गाठ पडली की शाईसारखा काळा रंग येतो, जो केस रंगवायला चालेल पण पेल्यात शोभणार नाही. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे तर या कामी कटाक्षाने वर्ज्य करावे, कारण आंबट रस धातूला खातो आणि तांब्याचा किंचितसा अंशदेखील क जीवनसत्त्वाचा नाश झपाट्याने करतो. कळकलेले ताक टाकून देणाऱ्या आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण निकाल ठाऊक होता. आवळ्यासोबत दोन सोललेल्या संत्र्यांच्या बिया काढलेल्या फोडी, बोटाच्या पेराएवढे आले, चिमूटभर सैंधव, एक चमचा गूळ आणि अर्धा पेला थंड पाणी घालून घुसळावे. संत्र्याची पांढरी साल पूर्ण खरवडू नये. थोडा कडसरपणा येतो, पण तंतूही तिथेच असतात. पहिल्या घोटाला तोंड आक्रसते. त्यावर घोटभर साधे पाणी प्यावे. आवळ्यानंतर पाणी गोड लागते हे लहानपणी आपण सर्वांनी अनुभवलेले आहे.

जांभळाचा हंगाम जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा, तेव्हा त्याच्यापुढे इतर फळांनी मागे सरावे. पाव किलो जांभळे मिठाच्या पाण्यातून काढून, हातानेच चुरून बिया वेगळ्या कराव्यात. बी पात्याखाली गेली तर स्वाद तुरट-कडू होतो आणि पात्याची धारही जाते. गरात वाटीभर ताजे दही, चार पुदिन्याची पाने, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ आणि अर्धा पेला पाणी. साखर घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जांभूळ गोड करण्याच्या नादात ते जांभूळ राहत नाही. हंगाम सरण्यापूर्वी बिया काढलेला गर छोट्या डब्यांतून बर्फाच्या खणात ठेवला तर श्रावणापर्यंत कामास येतो, आणि गोठवलेला गर वापरल्यास वेगळा बर्फ घालावा लागत नाही, त्यामुळे पेय पातळ होत नाही.

आंब्याला कृती सांगणे हा उद्धटपणा ठरेल. तरी एवढे सांगतो, की एका हापूसचा गर, वाटीभर दही आणि चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड यांचे मिश्रण न्याहारीला पुरते. जवस अख्खे घातले तर ते जसे गेले तसे बाहेर पडते. ते भाजून, कुटून घ्यावे, आणि पूड आठवड्यापुरतीच करावी, कारण जवसाचे तेल लवकर खवट होते. त्या तेलाने आंब्यातले कॅरोटिन शरीरात मुरायलाही साह्य होते. कॅरोटिन स्निग्धात विरघळणारे आहे, आणि म्हणूनच आमरसावर तुपाची धार सोडण्याचा शिरस्ता निव्वळ चैनीचा नव्हता. चिया नावाच्या परदेशी बियांचे सध्या फार स्तोम आहे. त्या वाईट नाहीत. पण फुगून पेय दाट करणे एवढेच हवे असेल तर अर्धा तास भिजवलेला सब्जा किंवा आळीव हेच काम करतो, आणि तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो.

पेरूची स्मूदी गुलाबी गराच्या पेरूची करावी, आणि ती मात्र गाळावी. पेरूच्या बिया पात्याला दाद देत नाहीत. गाळणी जाड भोकांची हवी, म्हणजे बिया तेवढ्या अडतील आणि गर पेल्यात उतरेल.

दूध की दही, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आंबट फळ दुधाशी घालू नये असा निर्देश चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्धाहाराच्या प्रकरणी आहे, आणि ज्याने संत्रे दुधात घुसळून पाहिले आहे त्याला फाटलेल्या दुधाचे दर्शन घडून याची प्रचीती आली असेल. पपई आणि अननस यांची गोष्ट निराळी. त्यांच्यात प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात, आणि दुधात किंवा दह्यात घालून ठेवले तर अर्ध्या-पाऊण तासात पेय कडू होते. दही ताजे, गोडसर घ्यावे आणि पपई-अननसाची स्मूदी केली की लगेच प्यावी, यात त्या प्रश्नाचे उत्तर आले.

मिक्सर चालवण्याचाही एक क्रम आहे. तळाशी पातळ पदार्थ, त्यावर मऊ गर, सर्वांत वर गोठवलेले किंवा कठीण. म्हणजे पाते अडकत नाही. भांडे निम्म्याहून अधिक भरू नये असे म्हणतात ते गरम पदार्थाबाबत खरे. गार फळासाठी भांडे मोकळे राहिले तर उलट हवा अधिक मिसळते आणि फेस होतो. दहा-दहा सेकंद थांबत थांबत तीन-चार वेळा फिरवावे. दोन-दोन मिनिटे सतत फिरवल्याने गर तापतो, हवा शिरते, आणि जे वाचवण्यासाठी खटाटोप केला त्याचाच क्षय होतो. झाले की प्यावे. काही कारणाने ठेवणे भागच असेल तर काचेची बाटली काठोकाठ भरून, अर्धे लिंबू पिळून, घट्ट बूच लावून शीतकपाटात ठेवावी आणि दोन-तीन तासांत संपवावी.

पालेभाजीची हिरवी स्मूदी सध्या जोरात आहे, म्हणून इशाऱ्याची बाब अंमळ विस्ताराने मांडतो. पालकात ऑक्झॅलेट पुष्कळ असते. मूठभर पालक कधीमधी चालेल, पण दररोज जुडीच्या जुडी कच्ची वाटून पिण्याने मूत्रपिंडाला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध आहेत. ज्यांना मुतखड्याची तक्रार आहे त्यांनी या वाटेस जाऊच नये. मूत्रपिंडाच्या रोग्याला कमरखाचे फळ तर विषासमान आहे, मग ते कितीही सुंदर चांदणीसारखे कापले जात असो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते. सीताफळाच्या बिया चुकूनही भांड्यात जाऊ देऊ नयेत. त्या विषारी आहेत.

मधुमेही वाचकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. घुसळलेल्या फळात तंतू राहतात हे खरे, परंतु जे संत्रे चावून खायला पाच मिनिटे लागतात तशी तीन पेल्यात बसतात आणि अर्ध्या मिनिटात पोटात जातात. पोटाला भरल्याची जाणीव होण्याआधी साखर मात्र जमा झालेली असते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला असा आहे, की फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. आपल्या घरातला मध्यम पेला याहून मोठा असतो हे मोजून पाहावे. म्हणून ज्याला साखरेचा विकार आहे त्याने फळ चावून खावे, आणि प्यावेसेच वाटले तर वैद्याला विचारून जांभूळ-दह्याचा अर्धा पेला जेवणासोबत घ्यावा. ज्याला असा विकार नाही त्यानेही स्मूदी हा भाकरीचा पर्याय समजू नये. ती फळाची एक वाटी आहे, एवढाच तिचा अधिकार.

भाचीला मी पुढे पत्र लिहिले नाही, फोन केला. तिने केळी दुधासाठी वेगळी काढली, भुकटीचा डबा संपवला आणि दुसरा आणला नाही. फाटकाशी बसणाऱ्या बाईकडून ती आता हंगामात पाव किलो जांभळे घेते, अशी वर्दी आहे. तिची एक तक्रार मात्र रास्त निघाली, ती येथे नोंदवून ठेवतो: पेला रिकामा होताच मिक्सरच्या भांड्यात पाणी भरून ठेवावे, कारण जांभळाचा डाग झाकणाच्या रबरी वायसरात एकदा वाळला की घासून जात नाही.